साहसकथांच्या जुन्या पेपरबॅकवरची रंगवलेली मुखपृष्ठं : पाहावीत कशी, ओळखावीत कशी, जपावीत कशी

फाटक्या शर्टातला माणूस, मागे कोसळता कडा, एका कोपऱ्यात जळतं जहाज. जेमतेम तळहाताएवढ्या कागदावर एवढं सगळं मावलेलं असतं आणि नजर तिथेच अडकते. १९४० ते १९७०च्या दशकांतल्या अमेरिकन आणि ब्रिटिश साहसकथांच्या पेपरबॅकची ओढ बहुतेकांना अशीच लागते. कथा नंतर येते, आधी चित्र दिसतं.

चित्रापायी या वाटेला लागलेला नवखा माणूस मात्र पुस्तकसंग्राहकांचे नियम जसेच्या तसे उचलतो आणि फसतो. मजकुरासाठी पुस्तकं जमवणाऱ्याला पहिली आवृत्ती हवी असते. तुम्हाला चित्र हवं आहे. पहिल्या आवृत्तीवर नुसती अक्षरं आणि तिसऱ्या छपाईवर अप्रतिम तैलचित्र, असं सर्रास आढळतं. तेव्हा तुमच्या कामाची प्रत तिसऱ्या छपाईची. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

हाताशी काय हवं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. छपाईचे ठिपके पाहायला याहून कमी शक्तीचं पुरत नाही.
- छोटी विजेरी. तिरप्या उजेडात घड्या आणि दाबल्याच्या खुणा दिसतात.
- मिलिमीटरची पट्टी.
- मऊ केसांचा रुंद ब्रश, स्वच्छ सुती कापड, पांढरा व्हिनाइल खोडरबर.
- पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टरच्या पारदर्शक पिशव्या आणि आम्लमुक्त पुठ्ठे.
- सपाट काचेचा स्कॅनर आणि नोंदवही किंवा स्प्रेडशीट.

हातमोजे लागत नाहीत. धुतलेले, पूर्ण कोरडे हात जास्त सुरक्षित असतात. सुती मोज्यांत कागदाची कड अडकते आणि ठिसूळ कोपरा तुटतो.

१. आधी चित्र वाचायला शिका

पैसे खर्च करण्याआधी निदान शंभरेक मुखपृष्ठं नीट बघा. 'नीट' म्हणजे पुढचे प्रश्न विचारत.

अक्षरांसाठी जागा कुठे सोडली आहे? मुखपृष्ठाचं चित्र भिंतीवर टांगायच्या चित्रासारखं रचत नाहीत. वरचा तिसरा भाग बहुधा शांत ठेवलेला असतो: आकाश, धुकं, अंधारी भिंत. शीर्षक, लेखकाचं नाव, प्रकाशकाची खूण आणि किंमत यांना तिथे बसायचं असतं. चांगला चित्रकार ही रिकामी जागासुद्धा कामाला लावतो. तिथलं धुकं पुढच्या माणसाला उठाव देतं, आकाश धोक्याचा रंग घेतं. अक्षरं मनातल्या मनात पुसून टाका आणि उरलेलं चित्र तोललेलं वाटतं का ते पाहा. चित्रकाराचं कसब ओळखायला एवढी एक सवय पुरते.

उजेड कुठून येतो? साहसचित्रात तो फार करून एकाच बाजूनं येतो आणि जोरात येतो. मशाल, स्फोट, वीज, मावळता सूर्य. मुख्य आकृतीची एक बाजू उजळ, दुसरी जवळजवळ काळी. याला व्यवहारातलं कारण होतं. ही पुस्तकं दुकानात, बसथांब्यावर, औषधाच्या दुकानातल्या तारेच्या फिरत्या स्टँडवर ठेवलेली असत. येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन-तीन मीटरवरून, चालता चालता चित्र कळायला हवं. बारीक छटा त्या अंतरावर मरतात, जाड सावली टिकते. म्हणून मुखपृष्ठ हातात घेऊन बघितलंत की एकदा खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं करून बघा. तिथूनही प्रसंग कळला, तर चित्रानं आपलं काम केलं.

रेषा कुठे धावतात? उभ्या-आडव्या रेषांचं चित्र स्थिर वाटतं. साहसचित्रकार कर्णरेषेवर जगतो. दोर, भाला, कललेलं शीड, धावणाऱ्याचा ताणलेला पाय, सगळं तिरपं. आणि निवडलेला क्षण फार वेळा घाव बसण्याच्या किंचित *आधीचा* असतो. घाव बसला की गोष्ट संपली. उगारलेला हात पाहणाऱ्याला पान उलटायला लावतो.

रंग किती? नवख्यांना भडक लाल-पिवळ्या चित्रांचं आकर्षण आधी वाटतं. तो पल्प मासिकांचा, म्हणजे स्वस्त कागदावर छापलेल्या कथामासिकांचा, वारसा आहे. नॉर्मन सॉन्डर्स आणि रुडॉल्फ बेलार्स्की यांच्यासारखे चित्रकार मासिकांतूनच पेपरबॅककडे आले. पण एकाच रंगाच्या छटांत केलेली कामंही मुद्दाम शोधा. बॅन्टम या प्रकाशकानं १९६४पासून 'डॉक सॅव्हेज' या साहसवीराच्या कथांची मालिका पेपरबॅकमध्ये आणली, तिच्यासाठी जेम्स बामा यांनी ६२ मुखपृष्ठं रंगवली. कितीतरी चित्रांत जवळजवळ सगळा पट एकाच रंगात बुडालेला आहे आणि त्यातून फाटक्या शर्टातली ती आकृती छायाचित्राइतकी काटेकोर वर येते. त्यासाठी स्टीव्ह हॉलंड हा मॉडेल उभा राहत असे. त्याच्या उलट फ्रँक फ्राझेटा. १९६६पासून लान्सर या प्रकाशकाच्या, कोनन या योद्ध्याच्या पुस्तकांवर त्यांनी जे केलं त्यात काटेकोरपणा कमी, वजन आणि हालचाल जास्त. पार्श्वभूमी चार फटकाऱ्यांत सुचवलेली, सगळा जोर आकृतीच्या बांध्यावर. या दोघांची मुखपृष्ठं शेजारी ठेवून तास घालवा. 'रंगवलेलं मुखपृष्ठ' ही एकच शैली नाही, हे त्यावरून जितकं कळेल तितकं कुठल्याही लेखातून कळणार नाही.

आणखी एक लक्षात असू द्या: मूळ चित्र छापील आकाराच्या बहुधा दुप्पट ते चौपट मोठं असे. बोर्डवर, मेसोनाइटवर (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीवर) किंवा कॅन्व्हासवर, तैलरंग, ग्वाश (अपारदर्शक जलरंग) किंवा केसीन (दुधातल्या प्रथिनाचा रंग) वापरून काढलेलं. काही जण एअरब्रशही वापरत. छापताना ते लहान होतं, कडा कापल्या जातात, कधी उजवं-डावंही उलटवलं जातं. हातातलं पुस्तक हा त्या चित्राचा एक *अनुवाद* आहे. तो चांगला की वाईट, हे प्रत्येक छपाईत वेगळं असतं.

२. एकच धागा धरा

सगळंच आवडतं म्हणून सगळंच घेणाऱ्याचा संग्रह वर्षभरात ढीग होतो. सुरुवातीला एक धागा धरा आणि वीस-पंचवीस पुस्तकं होईपर्यंत सोडू नका. धागे तीन प्रकारचे असू शकतात.

*चित्रकाराचा धागा.* सर्वांत समाधान देणारा, पण नाव शोधण्याची मेहनत मागणारा. रॉबर्ट मॅकगिनिस यांची १,२००हून अधिक मुखपृष्ठं आहेत. तिथे पुन्हा आतला धागा निवडावा लागतो, एक दशक किंवा एक प्रकाशक. रॉय क्रेंकेल यांचं काम तुलनेनं आटोक्यातलं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीची 'एस' या अमेरिकन प्रकाशकासाठीची त्यांची मुखपृष्ठं पाहिली की जुन्या पेन-शाईच्या रेखाटनांची परंपरा पेपरबॅकमध्ये कशी उतरली ते दिसतं. त्यांना १९६३मध्ये विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

*प्रकाशकाचा धागा.* नवख्यासाठी हा सर्वांत सोपा, कारण पुस्तकांवर क्रमांक असतात. अमेरिकेत पॉकेट बुक्स १९३९ला, एव्हन १९४१ला, बॅन्टम १९४५ला सुरू झालं. फॉसेटनं १९५०मध्ये गोल्ड मेडल ही मालिका काढली. तिच्यात आधी सजिल्द न निघालेल्या नव्या कादंबऱ्या थेट पेपरबॅकमध्ये येऊ लागल्या, म्हणून त्यांची चित्रंही पहिल्यांदा तिथेच दिसली. ब्रिटनमध्ये पॅन आणि कॉर्गी बघा. १९५०च्या दशकातल्या पॅनच्या मुखपृष्ठांवर एक खास चमकदार, नाट्यमय रंगकाम आहे आणि त्यातली पुष्कळशी सॅम पेफर यांची आहेत.

*विषयाचा धागा.* समुद्र, वाळवंट, हरवलेली शहरं, विमानं. पाहायला सुंदर, पण सीमा आखणं अवघड. आधीच्या दोनांपैकी एकाशी जोडलात तर टिकेल.

एक सल्ला आग्रहानं देतो: सुरुवात सर्वांत प्रसिद्ध नावापासून करू नका. तिथे मागणी जास्त, वाईट अवस्थेतल्या प्रतीही महाग, आणि शिकताना होणाऱ्या चुका खर्चिक. १९५०च्या दशकातला कुणी कमी चर्चेतला चित्रकार निवडा. नजर तयार झाली की मोठ्या नावांकडे वळा.

३. कोणती छपाई ते ठरवा

इथे सर्वाधिक गोंधळ होतो, कारण एकाच शीर्षकाची चार वेगवेगळी मुखपृष्ठं असू शकतात आणि एकच मुखपृष्ठ चार छपायांवर असू शकतं. तपासाचा क्रम असा ठेवा.

(अ) *शीर्षकपानामागचं कॉपीराइटचं पान.* इथे छपायांची यादी महिना-वर्षासह असते. शेवटची ओळ ती तुमच्या प्रतीची छपाई. सत्तरच्या दशकापासून आकड्यांची ओळ येऊ लागते; तिच्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे छपाईचा क्रमांक. सापळा असा की 'पहिली छपाई' ही ओळ कधी कधी *त्या प्रकाशकाच्या* पहिल्या छपाईबद्दल असते, पुस्तकाच्या नव्हे. चित्रासाठी ते चालतं, उलट बरंच. फक्त विक्रेत्यानं 'पहिली आवृत्ती' म्हणून जास्त पैसे मागितले तर फरक ओळखा.

(आ) *छापील किंमत.* अमेरिकन पेपरबॅक सुरुवातीला २५ सेंटना होते. पन्नाशीत ३५ रुळले, साठीत ४०, ५०, ६०. कॉपीराइटच्या पानावर काहीच नसेल तर किंमत पुष्कळ सांगते. एसनं तर किंमत क्रमांकाच्या अक्षरातच गुंफली होती: डी म्हणजे ३५ सेंट, एफ म्हणजे ४०, जी म्हणजे ५०. ब्रिटिश प्रतींवर शिलिंग-पेन्स एकटे असतील तर ती दशमान चलनाआधीची. ते चलन १५ फेब्रुवारी १९७१ला आलं. जुनी आणि नवी अशा दोन्ही किमती शेजारी असतील तर त्या बदलाच्या आगेमागेची. मलपृष्ठावर बारकोड दिसला तर छपाई सत्तरीच्या अखेरची किंवा नंतरची, मग चित्र कितीही जुनं असो.

(इ) *आकार.* चाळीशीतले अमेरिकन पेपरबॅक साधारण १०.८ × १६.३ सेंमी, नंतरचे १०.८ × १७.८ सेंमी. विक्रेत्यानं वर्ष चुकीचं दिलं असेल तर पट्टी ते पकडते.

(ई) *चित्राची कापणी.* एकाच चित्राच्या दोन छपाया मिळाल्या तर शेजारी ठेवा. नव्या छपाईत शीर्षकाची पट्टी मोठी होते, चित्र आक्रसतं, पायाकडचा भाग जातो, रंग गडद होतात. जिथे चित्र सर्वांत मोकळं आणि रंग सर्वांत स्वच्छ आहेत ती छपाई घ्या. बहुतेक वेळा ती त्या चित्राची पहिली छपाई असते, पण नेहमीच नाही.

दोन प्रकार वेगळे लक्षात ठेवा. डेल या अमेरिकन प्रकाशकानं १९४३पासून मलपृष्ठावर कथेतल्या जागेचा रंगीत नकाशा छापायला सुरुवात केली. अशी पाचशेहून अधिक पुस्तकं निघाली. त्यांत मागची बाजूही पुढच्याइतकीच मोलाची. आणि १९५२पासूनची एसची जोड-पुस्तकं: दोन कादंबऱ्या पाठीला पाठ, एक उलटी. त्यांना मलपृष्ठ नसतंच, दोन्हीकडे मुखपृष्ठ. टेबलावर कशीही ठेवली तरी एक चित्र खालीच घासलं जातं, म्हणून दोन्ही बाजू स्वच्छ असलेली प्रत दुर्मीळ असते. विक्रेत्यानं एकाच बाजूचा फोटो दिला असेल तर दुसरी बाजू खराब आहे असं धरूनच चाला.

४. चित्रकाराचं नाव शोधा

बहुतेक प्रकाशकांनी चित्रकाराचं नाव छापलंच नाही. ही मोठी अन्यायाची गोष्ट आहे, आणि संग्राहक ती थोडीफार भरून काढू शकतो. क्रम असा:

आधी सही. खालचे दोन्ही कोपरे भिंगानं बघा, मग आकृतीच्या पायाजवळ, दगडांच्या कडेला, कपड्याच्या घडीत. पेफर 'पेफ' अशी छोटी सही करत. चित्र पाठीवरून मलपृष्ठापर्यंत गेलं असेल तर सही मागेही असू शकते. सही अर्धी कापलेली असेल तर त्याच चित्राची दुसरी छपाई शोधा, तिथे कदाचित पूर्ण मिळेल.

मग कॉपीराइटचं पान आणि मलपृष्ठाच्या तळाची बारीक ओळ. मग इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेस: विज्ञानकथा, अद्भुत साहस आणि त्यांच्या आसपासच्या पुस्तकांची छपाईवार नोंद तिथे आहे आणि नाव कशावरून ठरवलं हेही बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ती टीप वाचल्याशिवाय नाव उचलू नका.

सापळा: 'शैलीवरून वाटतं' म्हणून दिलेली नावं. एखाद्याचं काम गाजलं की प्रकाशक दुसऱ्यांकडून तसंच मागत. साठीच्या उत्तरार्धातली निम्मी उगारलेली शस्त्रं आणि पिळदार पाठी फ्राझेटांच्या वाटतात, पण त्यांच्या नाहीत. सही नाही, छापील श्रेय नाही, मूळ चित्राचा पुरावा नाही, तर नोंदीत 'अज्ञात' लिहा. चुकीचं नाव एकदा पसरलं की खऱ्या माणसाचं काम कायमचं दुसऱ्याच्या खात्यात जातं.

५. अवस्था चित्राच्या अंगानं तपासा

इंग्रजी पुस्तकबाजारात अवस्थेची उतरंड 'फाइन', 'व्हेरी गुड', 'गुड', 'फेअर', 'पुअर' अशी असते. इथला 'गुड' म्हणजे चांगला नव्हे. घड्या, झिजलेल्या कडा, कदाचित नाव लिहिलेलं, पण सगळी पानं असलेली प्रत, एवढाच त्याचा अर्थ. चित्रासाठी घेणाऱ्यानं 'व्हेरी गुड'च्या खाली उतरताना विचार करावा.

पण श्रेणीवर थांबू नका. तीच हानी कुठे झाली आहे यावर सगळं अवलंबून. मलपृष्ठावरची मोठी घडी किंवा आतल्या पानावरची शाईतली सही चित्राला धक्का लावत नाही. अशी प्रत कमी पैशात मिळाली तर आनंदानं घ्या. चेहऱ्यावरून गेलेली केसाएवढी पांढरी रेघ मात्र तुम्हाला कायम खुपत राहील. बघण्याचा क्रम:

*पाठीलगतची वाचनघडी.* मुखपृष्ठ उघडताना पाठीपासून अर्धा-एक सेंटिमीटरवर उभी घडी पडते. शाई तडकून खालचा पांढरा कागद दिसतो. ही दुरुस्त होत नाही.

*लॅमिनेशन.* चाळीशीतल्या बऱ्याच पुस्तकांवर, विशेषतः पॉकेट बुक्सवर, पातळ पारदर्शक थर चिकटवलेला असे. तो कडांपासून सुटतो, गुंडाळतो आणि ओढला तर शाई घेऊन निघतो. सुटू लागलेली कड असेल तर हात लावू नका, लगेच पिशवीत घाला.

*रंग उडणं.* उजेडात लाल आणि पिवळी शाई आधी विरते, निळी आणि काळी टिकते. परिणामी आगीचं चित्र चांदण्यातलं वाटू लागतं आणि नवख्याला तो चित्रकाराचा निर्णय वाटतो. पाठीवरचा लाल आणि समोरचा लाल ताडून पाहा. पाठ फिकट असेल तर पुस्तक शेल्फवर उजेडात उभं होतं. समोरची बाजूही फिकट वाटत असेल तर दुसऱ्या प्रतीच्या फोटोशी तुलना करा.

*रजिस्टर.* चार शाया चार वेगळ्या ठशांनी बसतात. एक ठसा किंचित सरकला की डोळ्यांच्या कडेला लाल किंवा निळी झालर दिसते आणि चेहरा धूसर होतो. हा प्रतीचा दोष नसून छपाईचा आहे, तरी त्याच छपाईच्या दुसऱ्या प्रतीत तो नसू शकतो. अवस्था उत्तम पण रजिस्टर हललेली प्रत घेण्यापेक्षा थोडी झिजलेली पण नेमकी छापलेली प्रत घ्या. हे मत सगळ्यांना पटणार नाही, पण चित्रासाठी जमवत असाल तर दुसरं उत्तर नाही.

*पाठ कललेली.* पुस्तक समोरून आयत दिसायला हवं. एकाच बाजूनं वाचून पाठ फिरलेली असेल तर पुढची कड समांतरभुज होते.

*मुखपृष्ठ मूळचंच आहे ना?* न विकलेल्या पेपरबॅकचं फक्त मुखपृष्ठ फाडून प्रकाशकाकडे परत पाठवायचं आणि परतावा घ्यायचा, अशी अमेरिकेत पद्धत होती. त्यामुळे बिनमुखपृष्ठाची पुस्तकं बाजारात फिरतात आणि कुणीतरी दुसऱ्या प्रतीचं किंवा नवं छापलेलं मुखपृष्ठ त्यांना चिकटवतं. पाठीच्या आत ताज्या डिंकाची चमक, पानांपेक्षा मिलिमीटरभर लहान-मोठं मुखपृष्ठ या खुणा. भिंगातून जुन्या छपाईत ठिपक्यांची नियमित फुलं दिसतात. घरगुती प्रिंटरचे ठिपके विस्कळीत शिंपडल्यासारखे असतात.

६. विकत घेताना

ऑनलाइन घेत असाल तर या फोटोंशिवाय पैसे देऊ नका: समोरची बाजू सरळ उजेडात, तीच बाजू तिरप्या उजेडात, मलपृष्ठ, पाठ, वरून दिसणारी पानांची कड आणि कॉपीराइटचं पान. विक्रेता देत नसेल तर सोडून द्या. बरेचसे 'नमुना फोटो' दुसऱ्याच छपाईचे असतात आणि नेमकं मुखपृष्ठच वेगळं निघतं. 'फोटोत दिसते तीच प्रत, तेच मुखपृष्ठ पाठवाल ना?' हा प्रश्न लेखी विचारा. नंतर परत करायची वेळ आली तर तोच आधार.

पंचवीस-तीस पुस्तकांचा गठ्ठा एकत्र मिळतो तेव्हा हवी असलेली किती ते आधी मोजा. त्या तेवढ्यांसाठी सगळी किंमत पटत असेल तरच घ्या. उरलेली विकून पैसे निघतील हा हिशेब फार थोड्यांचा जुळतो.

पाठवणीच्या सूचनाही लेखी द्या: पुस्तक पिशवीत, दोन्ही बाजूंना पुस्तकापेक्षा दोन सेंटिमीटर मोठे कडक पुठ्ठे, ते एकमेकांना चिकटवलेले, मग खोका. नुसत्या पाकिटात कोपरे जातात. रबरबँड थेट पुस्तकावर नको, तो कडेत खाच पाडतो.

७. साफसफाई: कमीत कमी

पाठ वर धरून, पुस्तक मिटलेलं ठेवून कडांवरची धूळ ब्रशनं बाहेरच्या दिशेनं झाडा. चकचकीत मुखपृष्ठ कोरड्या सुती कापडानं, दाब न देता. खोडरबर फक्त आतल्या कोऱ्या कागदावरच्या पेन्सिलसाठी. मुखपृष्ठाच्या शाईवर तो फिकट डाग पाडतो. पानांच्या कडा लाल, पिवळ्या, हिरव्या रंगवलेल्या असतील तर तिथेही नाही, तो रंग निघतो.

किमतीचं चिकटलेलं लेबल हा नवख्याचा सर्वांत मोठा मोह. नखानं ओढलं तर खालची शाई जाते. हलकी ऊब दिली की डिंक सैल होतो. हेअर ड्रायर वीसेक सेंटिमीटरवरून, मंद, थोडा थोडा वेळ, आणि मग कड उचलून अगदी सपाट कोनात, सावकाश ओढायचं. लॅमिनेशन असलेल्या मुखपृष्ठावर हेसुद्धा करू नका, उबेनं तोच थर फुगतो. स्पिरिट आणि नेलपॉलिश रिमूव्हर वापरले तर वार्निश विरघळतं. लेबल चेहऱ्यावर नसेल तर ते राहू द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पारदर्शक चिकटपट्टीनं फाटलेलं जोडू नका. काही वर्षांत पट्टी गळते आणि डिंकाचा पिवळा डाग कागदात कायमचा मुरतो.

कुबट वास येत असेल तर बंद डब्यात तळाशी खाण्याच्या सोड्याची उघडी वाटी, त्यावर जाळी, जाळीवर पुस्तक, आठ-दहा दिवस. सोडा पुस्तकाला लागता कामा नये. कसर किंवा इतर किडा आढळला तर ती प्रत लगेच वेगळी काढा, हवाबंद पिशवीत घालून उणे १८ ते २० अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता एक दिवस खोलीच्या तापमानाला येऊ द्या. लगेच उघडलीत तर थंड कागदावर पाणी धरतं.

८. ठेवायचं कसं

आतला कागद स्वस्त, लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन हवा आणि उजेडात पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि पान ठिसूळ होतं. हे थांबवता येत नाही, मंद करता येतं. तापमान शक्य तितकं स्थिर, २० अंशांच्या आसपास. आर्द्रता ३५ ते ५० टक्के. आकड्यापेक्षा चढउतार जास्त घातक असतात, म्हणून बाहेरच्या भिंतीला लागलेलं कपाट टाळा.

पिशवी पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टरची. पीव्हीसी नको, त्यातून बाहेर पडणारे घटक शाईला चिकटतात. १०.८ × १७.८ सेंमीच्या पुस्तकाला साधारण १३ सेंमी रुंद पिशवी सैल बसते. घट्ट पिशवीत घालताना-काढताना कोपरे वळतात. मागे आम्लमुक्त पुठ्ठा.

पुस्तकं उभी ठेवा, एकमेकांना आधार देतील इतकी जवळ, ओढून काढावी लागतील इतकी नव्हे. काढताना पाठीच्या वरच्या टोकाला बोट अडकवू नका. शेजारची दोन आत ढकला आणि मधलं मधोमध धरा. वाचायचंच असेल तर ९० अंशांपलीकडे उघडू नका. जुना डिंक तडकला की पानं सुटतात आणि पाठीवरच्या चित्राची पट्टी कायमची चिरते.

भिंतीवर लावायचं असेल तर मूळ पुस्तक लावू नका. स्कॅन छापून तो लावा.

९. स्कॅन आणि नोंद

स्कॅनरची काच पुसा, पुस्तक मिटलेलं, पिशवीबाहेर, झाकण पूर्ण न दाबता. ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), कुठलीही आपोआप रंगदुरुस्ती बंद, टिफ या दर्जा न घटवणाऱ्या फाइल-स्वरूपात. कमी डीपीआयला छपाईचे ठिपके आणि स्कॅनरची जाळी एकमेकांत अडकून लाटांसारखी नक्षी उमटते. ती पुसायला सॉफ्टवेअरमधली ठिपके घालवणारी सोय वापरायची ती मूळ फाइलच्या प्रतीवर, मूळ फाइलवर कधीच नाही. पाठही स्कॅन करा. पाठीवरच्या चित्राची फारशी कुणी नोंद ठेवत नाही.

प्रत्येक प्रतीसाठी नोंदीत एवढं हवं: प्रकाशक, मालिकेचा क्रमांक, छपाई आणि वर्ष, छापील किंमत, चित्रकार, *चित्रकाराचं नाव कशावरून* (सही, छापील श्रेय की डेटाबेस), सहीची जागा, चित्रावरची हानी शब्दांत, घेतल्याची तारीख आणि किंमत. हेच चित्र दुसऱ्या छपाईवर पाहिलंत तर तिचा क्रमांकही इथेच टाका, आणि कुठे काय कापलं गेलं आहे ते लिहा. दोन छपायांत कडेचा वेगवेगळा भाग उरलेला असेल तर दोन्ही स्कॅन एकमेकांवर ठेवून चित्राचा आणखी थोडा भाग जुळवता येतो: एकीत गेलेला पाय दुसरीत सापडतो, आणि कधी कधी त्या पायाशेजारी सहीसुद्धा.